आईला चालेल असं रक्त

आईच्या अंगावरून जरा जास्तच जातंय, हे तिनं मला सांगितलं नाही. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरून मला ते कळलं. तेव्हा आम्ही नाशिकरोडच्या एका कॉलनीत राहायचो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नुकतीच प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते, वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते. घरात आम्ही तिघंच. आई पंचेचाळिशीला आलेली. पाळी जायची वेळ झाली की असं होतंच, असं ती धरून चालली होती. मी विचारलं की म्हणायची, "सगळ्या बायकांना होतं. तू शाळेत जा."

एका सकाळी नळावरून हंडा आणताना ती उंबऱ्यात टेकली ती उठेचना. ओठ पांढरेफटक. मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली अशी नव्हतीच, कागदासारखा फिका रंग होता.

डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, की गर्भाशयात मोसंब्याएवढी गाठ आहे. गाठ साधी आहे, पण रक्त तिच्यामुळेच जातंय. पिशवी काढावी लागेल. मात्र लगेच नाही. आईचं हिमोग्लोबिन सहावर आलं होतं. बाईंनी वडिलांना समजेल असं सांगितलं, "रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये लोहाचं एक द्रव्य असतं. श्वासातला प्राणवायू तेच अंगभर नेतं. बाईमाणसाला ते बारा तरी हवं. यांच्यात निम्मंच उरलंय. असं टेबलावर घेतलं तर मला भीती वाटते. आधी दोन बाटल्या रक्त चढवू, मग ऑपरेशन."

रक्तपेढीत आईचा गट ओ निघाला. काचेच्या पट्टीवर रक्ताचे दोन थेंब, एकात ए गटाविरुद्धचा सिरम, दुसऱ्यात बी गटाविरुद्धचा. कशातच गुठळ्या झाल्या नाहीत म्हणजे ओ. आम्हाला हायसं वाटलं. आमच्या कॉलनीत जयंतीला दरवर्षी रक्तदान व्हायचं, त्यामुळे कुणाचा कोणता गट हे पोरांना पाठ होतं. विहारात नुसतं बोलायचा अवकाश, दुसऱ्याच दिवशी ओ गटाची पाच-सहा पोरं सायकली काढून रक्तपेढीत हजर झाली. आई ओशाळली. "एवढ्यांना कशाला त्रास," म्हणाली.

संध्याकाळी वडील घरी आले ते चप्पल न काढताच दारात उभे राहिले. "कुणाचंच जुळत नाही म्हणतात," ते म्हणाले.

"सगळे ओ आहेत ना?"

"सगळे ओ आहेत. पेढीत ठेवलेल्या ओच्या बाटल्याही लावून पाहिल्या. सगळ्यांशी गुठळी होते."

रक्तपेढीच्या डॉक्टरांनी आईचं रक्त परत मागवलं. आधी त्यांना वाटलं, नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. मग वाटलं, थंडीमुळे होत असेल, काही जणांचं रक्त गार झालं की चिकटतं. म्हणून नळी कोमट पाण्यात धरून पाहिली. तरी तेच. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी फक्त एवढंच दिसायचं, की डॉक्टर आत जातात, बाहेर येतात, आणि आमच्याकडे बघायचं टाळतात. माझ्या मनात काय काय यायचं. आईला रक्ताचा कॅन्सर असेल. काहीतरी लागण होणारं असेल.

शेवटी त्यांनी मला आणि वडिलांना आत बोलावलं. पहिला प्रश्न असा विचारला, "यांना याआधी कधी रक्त दिलंय का?"

वडील म्हणाले, "नाही. हिच्या वेळेला कळवणला बाळंतपणात फार रक्त गेलं होतं. तेव्हा रक्त पाहिजे होतं, पण मिळालंच नाही. देवानं वाचवलं म्हणा." आम्ही देव मानत नाही, पण वडिलांच्या तोंडून ते गेलं.

डॉक्टर म्हणाले, "मिळालं नाही म्हणूनच वाचल्या."

दुसरा प्रश्न होता, "यांचे आईवडील नात्यातले होते का?"

होते. माझी आजी म्हणजे माझ्या आजोबांची मामेबहीण. आमच्यात ते नेहमीचंच. वडिलांनी तसं सांगितलं, आणि याचा रक्ताशी काय संबंध, हे विचारायचं धाडस आम्हा दोघांनाही झालं नाही.

आईच्या रक्ताचा नमुना मुंबईच्या एका मोठ्या रक्तपेढीत न्यायचा ठरला. वडिलांनी रजा टाकली आणि सकाळच्या गाडीनं निघाले. बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये आईच्या रक्ताच्या दोन नळ्या होत्या. मुंबईला पोचेपर्यंत त्यांनी तो मांडीवरून खाली ठेवला नाही. शेजारी बसलेल्या माणसानं विचारलं, "चहा आहे वाटतं?" वडील म्हणाले, "औषध आहे." परत आल्यावर मला हे सांगताना ते हसायला गेले आणि मध्येच थांबले.

उत्तर यायला आठवडा लागला. तेवढे दिवस आई गोळ्यांवर होती. रक्त थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. मी शाळेत पोरांकडून पाढे म्हणून घ्यायची आणि माझं लक्ष दाराकडे असायचं. शिपाई वर्गाकडे येताना दिसला की मी खडू ठेवून उठायची.

उत्तर आलं तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला कागदावर चित्र काढून दाखवलं. तांबडी पेशी म्हणजे एक गोल. त्याच्यावर एक छोटी खुंटी. "याला एच म्हणतात. ही खुंटी जवळजवळ प्रत्येक माणसात असते. या खुंटीवर ए लागला की ए गट, बी लागला की बी गट. काहीच लागलं नाही, नुसती खुंटी राहिली, तर ओ. तुमच्या आईच्या पेशींवर खुंटीच नाही. म्हणून साध्या तपासणीत त्या ओ दिसतात, पण ओ नाहीत. हा गट मुंबईत पहिल्यांदा सापडला, म्हणून त्याला बॉम्बे गट म्हणतात. आई आणि वडील दोघांकडूनही खुंटी नसल्याचा वारसा आला तरच असं होतं, म्हणून मी नात्याचं विचारलं."

"मग बिघडलं कुठं?" वडिलांनी विचारलं. "नसली खुंटी तर नसली."

"तसं काहीच बिघडलेलं नाही. त्या ठणठणीत जगू शकतात. पण शरीराची एक रीत असते. जे आपल्यात नाही ते परकं. परकं आत आलं की त्याला मारायचं. त्यासाठी रक्तात प्रतिपिंडं असतात, अँटीबॉडी. देवीची लस टोचली की शरीर अशीच प्रतिपिंडं तयार करतं आणि आपण वाचतो. यांच्या शरीराला ही खुंटीच परकी आहे. आणि खुंटी तर सगळ्यांमध्ये आहे. मी, तुम्ही, ती पोरं, कुणाचंही रक्त चढवलं तर यांची प्रतिपिंडं त्या पेशींवर तुटून पडतील. पेशी फुटतील, ताप येईल, पाठ दुखेल, लघवी काळी होईल, मूत्रपिंडं बंद पडतील."

मी म्हटलं, "माझं घ्या. मी तिची मुलगी आहे."

"तुमचा गट बी आहे."

"तरी लावून बघा."

त्यांनी नाही म्हटलं नाही. माझ्या बोटाचं रक्त घेतलं, धुऊन त्याच्या पेशी वेगळ्या केल्या आणि काचेच्या पट्टीवर आईच्या सिरमचा, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या पिवळसर पाण्याचा, थेंब घालून हलवल्या. मला जवळ बोलावलं. गुळगुळीत लाल थेंब बघता बघता फुटला. बारीक बारीक दाणे झाले, दूध नासतं तसे. मी तिच्या पोटात वाढले होते, आणि माझं रक्त तिला विष होतं. मला एकदम नवीच भीती वाटली, झाल्यागेल्या गोष्टीची. मी विचारलं, "मग मी तिच्या पोटात जगले कशी?"

"ही प्रतिपिंडं बहुतेक आकारानं मोठी असतात," डॉक्टर म्हणाले. "वारेतून पलीकडे बाळाकडे जात नाहीत. तुम्ही सुरक्षित होता."

मग त्यांनी आशेची एकच गोष्ट सांगितली. असं रक्त मिळण्याची सगळ्यात जास्त शक्यता सख्ख्या भावंडांत. आईला दोन भावंडं होती, कळवणच्या बाजूला. मोठा भाऊ, म्हणजे माझा मामा, आणि धाकटी बहीण, माझी मावशी.

मामा निरोप मिळताच आला. उंचापुरा, तालमीतला माणूस. दंड पुढे करून म्हणाला, "लागंल तेवढं काढा." त्याचा साधा ओ निघाला, खुंटीसकट. परत जाताना तो आईच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला.

मावशी चार दिवसांनी आली. किडकिडीत, गालफडं बसलेली, पायात चप्पल नाही. कांद्याची लागण चालू होती आणि तिचा नवरा तिला सोडायला तयार नव्हता, म्हणून उशीर झाला. तिच्या रक्ताची तपासणी झाली. आईच्या सिरममध्ये तिचा थेंब तसाच राहिला, गुळगुळीत. डॉक्टरांनी पट्टी इकडून तिकडे हलवली, उजेडात धरली. एक दाणा नाही.

मी मावशीला मिठी मारली. ती अवघडून म्हणाली, "काय झालं गं बाय? जमलं का?"

जमलं होतं, पण डॉक्टरांचा चेहरा खुलला नव्हता. मावशीचं हिमोग्लोबिन आठ होतं. तिचं रक्त काढणं म्हणजे एका बहिणीला उभं करायला दुसरीला आडवं करणं. "बारापर्यंत आल्याशिवाय मी यांचं रक्त घेणार नाही," ते म्हणाले.

त्या दिवसापासून आमच्या दोन खोल्यांत दोघी बहिणी रक्त वाढवत बसल्या. दोघींना लोहाच्या गोळ्या. मावशीच्या रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी फार निघाल्या होत्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे बहुतेक जंतांमुळे. अनवाणी शेतात चालणाऱ्यांच्या पायातून ते शिरतात आणि आतड्यात बसून रक्त पितात. तिला जंतांचं औषध दिलं, चप्पल घेऊन दिली. गोळ्यांनी तिचं पोट गच्च व्हायचं, तोंडाला लोखंडाची चव यायची. पण ती एकही गोळी चुकवायची नाही. वडील कचेरीतून येताना कधी शेंगदाणे, कधी खजूर, तर रविवारी काळीज आणायचे. ताटात वाढताना आई चांगला तुकडा मावशीच्या बाजूला सारायची आणि मावशी तो परत आईकडे. दोघी आपसात अहिराणीत बोलायच्या आणि मी आले की बोलणं बदलायच्या. एकदा मी बाहेरून ऐकलं, आई तिला म्हणत होती, तू घरी जा, तुझी लेकरं वाट बघत असतील. मावशी म्हणाली, "बहीण शे ती मनी, सख्खी बहीण, असं मी घरी सांगीसन आलीय. आता कोणतं तोंड घेऊन जाऊ?"

दर आठवड्याला मी दोघींना रिक्षानं तपासायला न्यायची. मावशीचं वाढायचं, हळू का होईना. आईचं थोडं वर यायचं, एका पाळीत पुन्हा खाली. आईला लोहाची इंजेक्शनं सुरू केली तेव्हा डॉक्टरबाईंनी आधी एक थेंब टोचून बराच वेळ वाट पाहिली. काहींचं शरीर औषधालाही परकं समजतं आणि एकदम उलटतं, असं त्या म्हणाल्या. आता परकं हा शब्द ऐकला की मी आईच्या चेहऱ्याकडे बघायची. आईला काही झालं नाही.

महिना उलटल्यावर मावशीचा नवरा आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला, मग म्हणाला, "चल. लय दिस झाले. पोरांना भाकर कोण टाकंल?"

मावशी दारात उभी राहिली. "माझं अजून दहाच भरलंय," ती म्हणाली. "बारा लागतं."

"ते आम्हाला काय कळतंय दहा न् बारा. रक्त दिलं न् तूच पडली तर?"

"पडायला नको म्हणून तर थांबले. नाय यायची मी."

तो वडिलांकडे बघायला लागला. वडील म्हणाले, "तुमचं खरं आहे. मीही तुमच्या जागी असतो तर न्यायला आलो असतो." त्या माणसानं बराच वेळ विडी ओढली आणि शेवटी पिशवीतून नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ काढून ओट्यावर ठेवलं. "हे खा म्हणावं. नागलीनं रक्त होतं," असं बायकोला न सांगता मला सांगून तो बसस्टँडकडे गेला.

मावशीचं बाराच्या जवळ आलं आणि तिला ताप भरला. अंगात हुडहुडी. मलेरिया असेल तर तिचं रक्त चालणार नव्हतं. तो पेशीत बसलेला असतो आणि घेणाऱ्याच्याही अंगात जातो. मी तिला घेऊन गेले. रिपोर्ट हातात आला. मलेरियाचे जंतू नाहीत, असं त्यावर होतं, पण खाली ल्युकोसायटोसिस असा शब्द होता. मी कुठंतरी ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर असं वाचलेलं होतं. दोन्ही शब्द मला सारखेच वाटले. घरी येताना वाटेतल्या पुलाच्या कठड्याला धरून मी उभी राहिले. मावशी विचारत होती, "काय लिव्हलंय?" आणि मी कागदाची घडी घालत होते. माझ्या आईसाठी ती आली होती, आणि आता तिलाच काय झालं हे, आणि हे मी तिच्या पोरांना कसं सांगणार.

मी तशीच परत फिरले आणि डॉक्टरांपुढे कागद ठेवला. त्यांनी वाचला आणि चष्मा काढला. "हा कॅन्सर नाही. ल्युको म्हणजे पांढरं. सायट म्हणजे पेशी. पांढऱ्या पेशी वाढल्यात, एवढाच याचा अर्थ. यांचा घसा सुजलाय. जंतू शिरले की या पेशी वाढायलाच हव्यात. वाढल्या नसत्या तर मला काळजी वाटली असती."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. "मग तू का रडती?" तिनं विचारलं.

घसा बरा झाला, आणखी काही दिवस गेले आणि मावशीची एक बाटली भरली. काचेची, वर आईचं आणि तिचं नाव. ती तीन आठवडे टिकणार होती, म्हणून ऑपरेशन त्याच आठवड्यात ठरलं. आईचं तोवर दहापर्यंत आलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आशा आहे, की बाटली लागणारच नाही. पण ती शेजारी असल्याशिवाय मी सुरी लावणार नाही." दुसरी बाटली नव्हती. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बाटली लागली. गाठ मागच्या बाजूला चिकटलेली निघाली आणि अंदाजापेक्षा जास्त रक्त गेलं. आईला खोलीत आणलं तेव्हा बाटली वर टांगलेली होती आणि थेंब सावकाश सोडले होते. पहिली पंधरा मिनिटं नर्स जागची हलली नाही. त्यानंतर आईनं डोळे उघडले आणि ती पुटपुटली, "पाठ दुखतेय गं."

नर्सनं नळी बंद केली. पाठ दुखेल, लघवी काळी होईल, ते शब्द आम्हा सगळ्यांच्या डोक्यात होते. रक्तपेढीचे डॉक्टर धावत आले. ताप पाहिला, नाडी पाहिली, लघवीची पिशवी उजेडात धरली. मी त्या पिशवीकडे बघू शकले नाही. बाकावर बसलेल्या मावशीकडे पाहिलं. तिनं पदर तोंडात धरला होता. आपल्या रक्तानं बहीण मरते की काय, असं तिला वाटत असणार.

"लघवी स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले. "ताप नाही." मग त्यांनी आईला विचारलं, "पाठ कुठं दुखते?" आईनं कमरेच्या मणक्याकडे हात नेला. ऑपरेशनआधी कमरेखालचा भाग बधिर करायला सुई तिथंच टोचली होती. डॉक्टरांनी तरीही पुन्हा दोघींच्या रक्ताचे थेंब जुळवून आणले. तासाभरानं नळी परत सुरू झाली. शेवटचा थेंब जाईपर्यंत वडील खाली बसले नाहीत.

आई बरी झाली. टाके निघाल्यावर मावशी गावी गेली. तिला सोडायला आई बसस्टँडवर आली. मी नको म्हणत होते तरी आली. खिडकीतून तिनं मावशीला बजावलं, "विळा जपून चालव. बैलांपुढं जाऊ नको." आधी तिनं असं कधी सांगितलेलं नव्हतं. घरी येताना मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तिला लागलं तर दुसरं कोण आहे? मीच ना?" आता ती भीती आमच्या घरात कायमची राहायला आली. कळवणची बस उशिरा आली, मावशीच्या घरचं पत्र लांबलं, की आई आतबाहेर करायची.

तीन-चार वर्षांनी एका दुपारी मामाचा निरोप आला, मावशी बैलगाडीवरून पडली. आईनं पोळ्या तव्यावर तशाच टाकल्या. मी शाळेतून सुट्टी काढली आणि आम्ही दोघी मिळेल त्या बसनं निघालो. दर थांब्यावर आई किती राहिलं ते विचारायची. फाट्यावर उतरून ती शेताच्या बांधावरून जवळजवळ पळत सुटली.

मावशी अंगणात खाटेवर बसली होती, पाय हळदीनं माखलेला. आईनं धापा टाकत विचारलं, "रक्त गेलं का?"

"नाय गं आक्का," मावशी म्हणाली. "नुसता मुरगळलाय."

आई तिथंच खाली मातीत बसली. मावशीच्या नवऱ्यानं तिला तांब्याभर पाणी आणून दिलं. रात्री आम्ही तिथंच राहिलो आणि सकाळी दुधाच्या गाडीनं परत आलो.